हत्यारांचा कायदा आणि बारा माणसे

सँट्रीला राहायला आल्यापासून टपालातल्या पाकिटांचा मला चांगला अंदाज आला आहे. खिडकीचे पांढरे पाकीट म्हणजे बिल, रंगीत पाकीट म्हणजे जाहिरात, आणि हाताने पत्ता लिहिलेले पाकीट म्हणजे (हल्ली वर्षातून एखादेच) भारतातून कोणाची तरी आठवण. काही वर्षांपूर्वी मात्र यांपैकी कशातच न बसणारे एक पाकीट आले. उघडून पाहतो तो आत ज्यूरीवर हजर राहण्याचे समन्स! आयरिश नागरिकत्व घेताना विमानतळावरची रांग सोपी होईल, एवढाच हिशेब मी केला होता. येथल्या १९७६ च्या ज्यूरी कायद्याप्रमाणे अठरा वर्षे पूर्ण झालेला आणि संसदेच्या मतदार यादीत नाव असलेला प्रत्येक नागरिक ज्यूरीला पात्र असतो, हे कलम माझ्या ध्यानीमनीही नव्हते.

त्या रविवारी पुण्याला दादाला फोन केला. आमचा दादा आयुष्यभर कोर्टात वकिली करून आता घरी बसला आहे. बातमी ऐकून तो मनसोक्त हसला. "अरे, आम्ही चाळीस वर्षे काळा कोट घातला, पण ज्यूरी काही पाहायला मिळाली नाही. ती तुझ्या नशिबी! जाऊन ये." मग जरा थांबून म्हणाला, "पण एक सांग. पुरावा पक्का आहे, माणसाने गुन्हा केलाय हे तुला दिसतंय, पण कायदाच अन्यायाचा आहे असं तुला वाटलं, तर तू काय करशील?"

मला उत्तर देता आले नाही. "मग तारखेच्या आधी टिळकांचा १९०८ चा खटला वाचून जा," असे सांगून त्याने फोन ठेवला. दादाचे सांगणे मोडायची सवय नाही. टिळकांचा खटला वाचायला घेतला आणि वाचता वाचता डब्लिनच्या विमानतळापर्यंत, म्हणजे अगदी आमच्या दारापर्यंत, येऊन पोचलो. या वाचनाचा हा वृत्तांत.

ज्यूरीच्या हातातली किल्ली

दादाने विचारलेला प्रश्न जुनाच आहे. पुरावा असतानाही ज्यूरीने कायदा मान्य नाही म्हणून आरोपीला सोडणे, याला इंग्रजीत 'ज्यूरी नलिफिकेशन' म्हणतात. आपण त्याला ज्यूरीने कायदा बाजूला ठेवणे म्हणू. हा अधिकार कोणत्याही कायद्यात लिहिलेला नाही. तो दोन साध्या गोष्टींतून निघतो. ज्यूरीला आपल्या निकालाची कारणे द्यावी लागत नाहीत, ही एक. आणि निकाल न्यायाधीशाला आवडला नाही म्हणून ज्यूररला शिक्षा करता येत नाही, ही दुसरी.

दुसरी गोष्ट फुकट मिळालेली नाही. १६७० साली लंडनमध्ये विल्यम पेन आणि विल्यम मीड या दोन क्वेकर पंथीयांवर रस्त्यात जमाव जमवून प्रवचन केल्याबद्दल खटला झाला. ज्यूरी त्यांना दोषी ठरवीना. तेव्हा न्यायाधीशांनी ज्यूरीला अन्नपाण्याविना कोंडून ठेवले आणि तरीही ती वाकली नाही म्हणून दंड केला. एडवर्ड बुशेल नावाच्या ज्यूररने दंड भरायचे नाकारले, तुरुंग पत्करला आणि वरच्या कोर्टात दाद मागितली. मुख्य न्यायाधीश व्हॉन यांनी निर्णय दिला की निकालासाठी ज्यूररला शिक्षा करता येणार नाही. तेव्हापासून ही किल्ली ज्यूरीच्या हातात राहिली. राहत्या घरातून चाळीस शिलिंगांची चोरी केली तर फाशी, असा कायदा इंग्लंडमध्ये होता, तेव्हा कित्येक ज्यूरींनी चोरीचा माल एकोणचाळीस शिलिंगांचा ठरवून माणसे वाचवली!

पण चोरीचे ठीक आहे. हत्यारांच्या कायद्यांत ही किल्ली सरकारला फार जास्त टोचते. कारण बंदूक कोणाच्या हातात असावी हा प्रश्न शेवटी राज्य कोणाचे, या प्रश्नापाशी जातो.

मुंबईची नऊ माणसे

लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत १८७८ साली हिंदुस्थानात हत्यारांचा कायदा आला. देशी भाषांतल्या वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदाही त्याच वर्षीचा. जीभ आणि हात एकाच वर्षी बांधले म्हणा ना! परवान्यावाचून हत्यार बाळगणे गुन्हा ठरला, पण युरोपियनांना नियमांनी सूट होती. खेड्यातल्या शेतकऱ्याने रानडुकराला हाकायला बंदूक मागितली तर अर्ज, शिफारस आणि हेलपाटे. साहेबाला मात्र काहीच नको. काँग्रेसच्या सुरुवातीच्या अधिवेशनांत या कायद्याविरुद्ध ठराव होत होते ते याच भेदापायी.

पुढे १९०८ च्या एप्रिलमध्ये मुझफ्फरपूरला बॉम्ब फुटला आणि दोन इंग्रज स्त्रिया मरण पावल्या. जूनमध्ये सरकारने स्फोटक पदार्थांचा कायदा आणि वृत्तपत्रांचा कायदा घाईघाईने केला. टिळकांनी ९ जूनच्या 'केसरी'त 'हे उपाय टिकाऊ नाहीत' हा अग्रलेख लिहिला. बॉम्बचे त्यांनी समर्थन केले नव्हते. पण हत्यारांच्या कायद्याने साऱ्या राष्ट्राचे पौरुष मारले आणि त्यामुळे अधिकारी बेफिकीर झाले, हा आशय त्यात स्पष्ट होता. बॉम्ब थांबवायचे तर स्वराज्याचे हक्क द्यायला सुरुवात करा, असे त्यांचे सांगणे होते. या लेखावर आणि त्याआधीच्या १२ मेच्या 'देशाचे दुर्दैव' या लेखावर राजद्रोहाचा खटला उभा राहिला. म्हणजे हत्यारांच्या कायद्यावरची टीका हीच आरोपीच्या पिंजऱ्यात होती. टिळकांच्या घराच्या झडतीत स्फोटकांवरच्या दोन पुस्तकांची नावे लिहिलेले एक कार्ड सापडले, त्याचेही सरकार पक्षाने भांडवल केले. नव्या कायद्यातली स्फोटकांची व्याख्या तपासून तिच्यावर लिहायचे होते, असा टिळकांचा खुलासा होता.

आता ज्यूरी पाहा. सरकारने खास ज्यूरी मागितली. टिळकांच्या बाजूने जोसेफ बॅप्टिस्टा यांनी हरकत घेतली. खास ज्यूरी म्हणजे बहुतेक युरोपियन, आणि त्यांना मराठीचा गंध नाही. न्यायमूर्ती दिनशा दावर यांनी हरकत मानली नाही. हेच दावर १८९७ साली वकील असताना त्यांनी टिळकांना जामीन मिळवून दिला होता. काळाचा महिमा! नऊ जणांत सात युरोपियन आणि दोन पारशी आले. लेख मराठी, आणि ते दोषी की निर्दोष हे इंग्रजी तर्जुम्यावरून ठरायचे. टिळक स्वतःच उभे राहिले आणि सहा दिवसांत मिळून एकवीस तासांवर बोलले. तर्जुम्यातल्या चुका त्यांनी शब्दाशब्दाने दाखवल्या. इंग्लंडमध्ये वृत्तपत्रांचे स्वातंत्र्य राखले ते ज्यूरींनी, तेव्हा तुम्हीही न्यायाधीश काय म्हणतात यापेक्षा स्वतःच्या बुद्धीने ठरवा, हा त्यांच्या भाषणाचा मुख्य धागा. तुमच्यातल्या एकाने जरी मी बरोबर होतो असे म्हटले तरी मला समाधान आहे, अशा अर्थाचेही ते शेवटी बोलले.

एकाने नव्हे, दोघांनी म्हटले. २२ जुलैच्या रात्री निकाल आला, तो सात विरुद्ध दोन. डब्लिनला किंवा लंडनला त्या काळी बाराही जणांचे एकमत लागे. तिथे असा निकाल म्हणजे निकालच नव्हे. पण हिंदुस्थानच्या कायद्यात नवांपैकी सहा जण आणि न्यायाधीश एका बाजूला असले की काम भागत असे. १८९७ च्या खटल्यातही नेमके तसेच झाले होते. सहा युरोपियन एका बाजूला, तीन हिंदी दुसऱ्या, आणि टिळकांना अठरा महिने. या वेळी सहा वर्षे काळे पाणी. टिळक मंडालेला गेले आणि मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला.

त्या दोघांनी कायदाच नाकारला की पुरावा अपुरा मानला, हे कोणी सांगू शकत नाही. ज्यूरीने कारणे द्यायची नसतात. पण ज्यूरी कोणाची, आणि किती मतांनी चालते, हे दोन आकडे आधी ठरवले की निकाल बराचसा ठरतो, एवढे त्या रात्रीने शिकवले.

हेच डब्लिनमध्ये आधी घडले होते

हे वाचताना मला सारखे वाटत होते की ही गोष्ट आपण इथे कुठेतरी ऐकली आहे. आणि खरेच, मंडालेच्या साठ वर्षे आधी डब्लिनच्या ग्रीन स्ट्रीट कोर्टात ती घडून गेली होती. 'युनायटेड आयरिशमन'चा संपादक जॉन मिचेल याच्यावर मे १८४८ मध्ये खटला झाला. ज्यूरी निवडताना सरकारने कॅथलिक नावे एकामागून एक बाजूला केली. मिचेलला चौदा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा झाली. 'नेशन'चा संपादक चार्ल्स गॅव्हन डफी याच्या बाबतीत मात्र फासे उलटे पडले. दोन ज्यूरींचे एकमत होईना, आणि १८४९ मध्ये सरकारने नाद सोडला. हा 'राजद्रोही' पुढे ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया प्रांताचा पंतप्रधान झाला!

जमीनदारांविरुद्धच्या शेतकरी चळवळीत हाच प्रकार मोठ्या प्रमाणावर झाला. चळवळीचा पुढारी पार्नेल आणि त्याच्या सहकाऱ्यांवर डिसेंबर १८८० च्या अखेरीस खटला सुरू झाला. २५ जानेवारी १८८१ रोजी ज्यूरीने आमचे एकमत होत नाही असे सांगितले. सरकारने धडा घेतला, पण वेगळाच. दोनच महिन्यांत दोन कायदे आले. एकाने संशयितांना खटल्याशिवाय तुरुंगात टाकण्याची मुभा दिली. दुसऱ्याने आयर्लंडच्या जिल्ह्याजिल्ह्यांतून हत्यारे काढून घेण्याचे अधिकार दिले. ऑक्टोबरात पार्नेल किल्मेनमच्या तुरुंगात होता, आणि या वेळी मध्ये ज्यूरी नव्हती.

ही ओळ मी पेन्सिलीने अधोरेखित करून ठेवली. ज्यूरी ऐकत नाही असे दिसले की सरकारे कायदा बदलायच्या आधी ज्यूरीच बदलतात, आणि तेही जमले नाही तर ज्यूरीलाच वगळतात.

याचे सर्वांत करुण उदाहरण आपल्याच बाजूला, उत्तर डब्लिनच्या किनाऱ्यावर सुरू होते. हत्यारांवरचा जुना आयरिश कायदा १९०६ मध्ये सरकारने संपू दिला होता. १९१४ च्या एप्रिलमध्ये उत्तरेतल्या युनियनिस्टांनी लार्न बंदरात हजारो रायफली उतरवल्या. त्याला उत्तर म्हणून २६ जुलैला अर्स्किन चाइल्डर्स या लेखकाने आपल्या 'असगार्ड' या शिडाच्या बोटीतून हौथला नऊशे रायफली आणल्या. आज आपण हौथला मुलांना मासे आणि चिप्स खायला नेतो तो हाच धक्का. आठ वर्षांनी आयर्लंड स्वतंत्र झाले आणि यादवी युद्धात चाइल्डर्स सरकारविरोधी बाजूला राहिला. परवानगीशिवाय बंदूक बाळगल्यास मृत्युदंडाची शिक्षा देऊ शकणारी लष्करी न्यायालये नव्या सरकारने सुरू केली होती. चाइल्डर्सजवळ एक छोटे पिस्तूल सापडले. २४ नोव्हेंबर १९२२ रोजी त्याला गोळ्या घालण्यात आल्या. नऊशे बंदुका आणल्या तेव्हा तो देशभक्त होता. एका पिस्तुलासाठी गेला, आणि तेव्हा निकाल द्यायला बारा नागरिक नव्हते. शिक्षा देणारे सरकार इंग्रजांचे नव्हते, हेही विसरता येत नाही.

विमानतळावरचा माल

आता सँट्रीला परत येऊ. आमच्या गच्चीवजा खिडकीतून विमाने उतरताना दिसतात. याच विमानतळावर १९७० च्या एप्रिलमध्ये एक माल यायचा होता आणि तो आलाच नाही.

त्याआधीच्या ऑगस्टमध्ये उत्तर आयर्लंड पेटले होते. बेलफास्टमधल्या कॅथलिक वस्त्या जळल्या, आणि दक्षिणेतल्या कित्येकांना वाटत होते की तिथल्या लोकांना स्वसंरक्षणासाठी शस्त्रे मिळाली पाहिजेत. सेनेच्या गुप्तवार्ता विभागातले कॅप्टन जेम्स केली यांनी युरोपातून शस्त्रे आणण्याची खटपट केली. विमानाने माल डब्लिनला यायचा होता. न्याय खात्याचे सचिव पीटर बेरी यांना कुणकुण लागली आणि विमानतळाभोवती पोलिसांचा पहारा बसला. १८ एप्रिलला अर्थमंत्री चार्ल्स हॉही यांनी बेरींना फोन करून माल सोडता येईल का, असे विचारले. तो पकडला जाईल, असे उत्तर मिळाले आणि बेत बारगळला. ६ मेला पंतप्रधान जॅक लिंच यांनी हॉही आणि नील ब्लेनी या दोघा मंत्र्यांना काढून टाकले. कस्टम्स ज्यांच्या हाताखाली तेच अर्थमंत्री बेकायदा शस्त्र आयातीच्या कटातले आरोपी. देश हादरला.

ब्लेनी जुलैमध्येच सुटले. पहिला खटला सप्टेंबरात अर्ध्यावर मोडला. दुसरा न्यायमूर्ती हेंची यांच्यापुढे चालला. आरोपी चार होते. हॉही, कॅप्टन केली, बेलफास्टचे जॉन केली आणि मूळचे बेल्जियन व्यापारी आल्बर्ट लाइक्स. कॅप्टन केलींचा बचाव सरळ होता. संरक्षणमंत्री गिबन्स यांना सर्व ठाऊक होते, तेव्हा आयात बेकायदा कशी? गिबन्स सरकार पक्षाचे साक्षीदार होते आणि त्यांनी संमती दिल्याचे नाकारले. पण गुप्तवार्ता विभागाचे तेव्हाचे प्रमुख कर्नल हेफरॉन यांची साक्ष गिबन्स यांना अडचणीची ठरली. २३ ऑक्टोबर १९७० रोजी ज्यूरीने चौघांनाही निर्दोष सोडले. लिंच तेव्हा न्यूयॉर्कला होते. निकालानंतरही, बेकायदा आयातीचा प्रयत्न झाला होता असेच ते म्हणाले.

मग या ज्यूरीने कायदा बाजूला ठेवला का? काही जण तसे मानतात. मला मात्र तसे छातीठोकपणे म्हणवत नाही. मंत्र्याची संमती असेल तर गुन्हाच होत नाही, आणि संमती होती असे मानायला कोर्टात पुरेशी साक्ष झाली होती. कदाचित त्या ज्यूरीने कायदा मोडला नाही, फक्त सरकारची बाजू खरी मानली नाही. दोन्हींतला फरक त्यांच्या खोलीतच राहिला, टिळकांच्या त्या दोन पारशी गृहस्थांसारखा.

पण पुढे काय झाले ते मात्र सर्वांपुढे आहे. २६ मे १९७२ रोजी सरकारने १९३९ च्या कायद्यातले विशेष फौजदारी न्यायालय पुन्हा सुरू केले. तीन न्यायाधीश, ज्यूरी नाही. त्याच्याकडे जे गुन्हे सोपवले त्यांत हत्यारांच्या कायद्याखालचे गुन्हे होते, आणि १८८३ च्या ब्रिटिश स्फोटक कायद्याखालचेही. टिळकांनी ज्याच्यावर लिहायचे ठरवले होते तो १९०८ चा हिंदुस्थानी कायदा याच १८८३ च्या कायद्यावरून बेतलेला! हे न्यायालय कित्येक वर्षे बसले तेही मिचेलच्या त्या ग्रीन स्ट्रीट कोर्टातच. त्यामागे सरकारचे कारण खोटे नव्हते. सशस्त्र संघटना ज्यूररना धमकावतील, ही भीती खरी होती, आणि ज्याच्या घरी बायकामुले आहेत अशा माणसाला शूर हो म्हणून सांगणे सोपे नाही. तरीही तात्पुरती म्हणून केलेली सोय पन्नास वर्षे टिकली, हेही खरेच.

दुसरी बाजू

इथवर वाचून कोणाला वाटेल की मी ज्यूरीची आरती करतो आहे. तसे नाही. किल्ली चांगल्याच्या हातात असते तशी वाईटाच्याही हातात असते. १८८३ च्या इल्बर्ट बिलावर गोऱ्यांनी गदारोळ केला आणि १८८४ मध्ये तडजोड झाली. युरोपियन आरोपीला निम्मी ज्यूरी आपल्या लोकांची मागता येऊ लागली. कुलीला लाथ घालून मारणारा मळेवाला किरकोळ दंडावर सुटायचा तो अशाच ज्यूरींच्या कृपेने. अमेरिकेत १९५५ मध्ये एमेट टिल या चौदा वर्षांच्या काळ्या मुलाच्या खुनाचे आरोपी गोऱ्या ज्यूरीने तासाभरात सोडले. तेही कायदा बाजूला ठेवणेच होते.

आणि आपली मुंबई? १९५९ मध्ये कमांडर नानावटींनी बायकोच्या मित्राला रिव्हॉल्व्हरने मारले आणि ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी त्यांना निर्दोष ठरवले. न्यायाधीशांना तो निकाल पटला नाही, प्रकरण हायकोर्टात गेले आणि नानावटींना जन्मठेप झाली. त्यात निषेध नव्हता, नुसता भावनेचा पूर होता. आधीच मोडकळीला आलेली ज्यूरीची पद्धत नंतरच्या वर्षांत आपल्याकडून नाहीशी झाली. पारतंत्र्यात ज्यूरी आपली नव्हती म्हणून आपण चिडलो. स्वातंत्र्यात ती आपली झाली, तर आपण तिला निरोप दिला.

म्हणून मला वाटते की दादाच्या प्रश्नाचे उत्तर ज्यूरीने कायदा मोडावा की न मोडावा, यात नाही. ज्यूरीत सगळ्या प्रकारची माणसे आहेत का, हा त्याआधीचा प्रश्न आहे. आयर्लंडमध्येही १९७० च्या खटल्याच्या वेळी १९२७ चा कायदा चालू होता. मालमत्तेचा कर भरणाऱ्यांतूनच ज्यूरी निवडत, आणि बाईने स्वतः अर्ज केला तरच तिचे नाव यादीत जाई. १९७५ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते घटनाबाह्य ठरवले, आणि म्हणून १९७६ चा कायदा आला. त्याच दाराने माझे समन्स आले.

माझी तारीख

ठरल्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. नावे चिठ्ठ्या टाकून काढतात. माझे निघाले. कारकुनाने ते तीन प्रकारे उच्चारून पाहिले आणि चौथ्यांदा मीच उठून उभा राहिलो. शपथेला पुढे जातो तोच एका वकिलाने हरकत घेतली. येथल्या कायद्यात प्रत्येक बाजूला सात नावे कारण न देता नाकारता येतात. मी त्यांतला एक. बोलून चालून दोन मिनिटांचा ज्यूरर!

राग आला नाही असे म्हटले तर खोटे होईल. माझे नाव, माझा रंग, की नुसता माझा चष्मा? कारण द्यायचे नसते, म्हणून विचारताही येत नाही. पण बसमध्ये बसल्यावर हसू आले. ज्यूरीला कारण न देता आरोपीला सोडता येते, हे वाचून मी आठवडाभर खूश होतो. तोच हक्क वकिलाने माझ्यावर वापरला होता.

रात्री दादाला सांगितले. तो म्हणाला, "पुन्हा बोलावलं तर जाशील ना?" जाईन. जी यादी टिळकांना मिळाली नाही तिच्यात आता आपली नावे आहेत, डब्लिनला, कॉर्कला, गॉलवेला. तुमच्या घरी असे पाकीट आले तर रजेची अडचण सांगून सुटायचा मार्ग शोधू नका. कायदा बाजूला ठेवण्याची वेळ बहुधा येणार नाही. पण आत बसलेल्या बारांत आपल्यासारखे कोणी असेल, तर आरोपीच्या पिंजऱ्यातला माणूस तर्जुम्यातून नव्हे, आहे तसा समजायची शक्यता थोडी तरी वाढते.